मेनूकार्ड आणि वाइनचं लेबल: दोन्ही एकाच हातचं कसं दिसेल?

शाईरेघ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. छपाई, अक्षरं आणि खाणं या तिन्हींवर जीव असलेली बरीच माणसं इथे आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे एक रेस्टॉरंट उभं राहतंय. चालवणारं जोडपं खान्देशातलं. जेवणही तिकडचंच: शेवभाजी, हिरव्या मिरचीचं भरीत, कळण्याची भाकरी, पाटवड्यांचा रस्सा, डुबुकवड्या, काळ्या मसाल्याचं मटण. सोबत दिंडोरी भागातल्या एका छोट्या वायनरीकडून ते स्वतःच्या नावाच्या तीन वाइन भरून घेणार आहेत: शेनिन ब्लाँ (पांढरी), एक रोझे (गुलाबी) आणि शिराझ (लाल). मेनूकार्ड, वाइनयादी आणि तिन्ही लेबलं असं सगळं काम माझ्याकडे आलंय. ट्रेडमार्कचा अर्ज चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. त्यात 'ल' आणि 'श' ही दोन्ही अक्षरं येतात, एवढं सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे.

मालकांची पहिली कल्पना अशी की द्राक्षाच्या घडाचं एक छान चित्र काढायचं आणि मेनूचं कव्हर, लेबल, बिलाचं फोल्डर, कोस्टर, सगळीकडे तेच लावायचं. मला हे पटत नाही. मेनू माणूस हातात धरून, सावकाश, जवळून वाचतो. लेबल तो टेबलापलीकडून बघतो. बाटली गोल, त्यामुळे कडेचा भाग नजरेआड वळलेला, आणि थंड बाटली असेल तर तिच्यावरून पाणी ओघळत असतं. एकच चित्र दोन्हीकडे चिकटवलं तर एकीकडे ओकंबोकं दिसतं आणि दुसरीकडे गर्दी होते. माझ्या मते जुळायला हवं ते आतलं: अक्षराचं वळण, रेघेची जाडी, मोकळ्या जागेचं प्रमाण, रंग, कागदाचा हाताला लागणारा पोत. हे जुळलं तर चित्र वेगळं असूनही दोन्ही वस्तू एकाच हातच्या वाटतात.

आत्तापर्यंत ठरलंय ते असं. नाव देवनागरीत, हाताने काढलेलं. मुख्य रंग एकच, काळ्या मसाल्याकडे झुकणारा गडद तपकिरी. प्रत्येक वाइनला एक सोबतीचा रंग, आणि लेबलच्या डाव्या कडेला त्या रंगाची उभी रेघ. मेनूत ज्या पदार्थाशी जी वाइन जमते, त्या पदार्थाच्या समासात त्याच जाडीची, त्याच रंगाची रेघ. शिराझच्या बाटलीवरची जांभळट रेघ मटणाच्या पानावर दिसली की पाहुण्याला कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

मला मदत हवी आहे ती कागदाबाबत, लेबलवरच्या कायदेशीर मजकुराबाबत, किमती देवनागरी आकड्यांत द्याव्यात का याबाबत, आणि वाइनच्या नावांबाबत. तिन्ही वाइनना नाशिकजवळच्या किल्ल्यांची नावं द्यावीत असं मालकांच्या मनात आहे: रामशेज, हरिहर, हातगड.

दिंडोरीकर

चांगलं काम हाती घेतलंय. मी एका वायनरीत बाटलीभरण आणि कागदपत्रं दोन्ही पाहतो, त्यामुळे लेबलापुरतं खात्रीने सांगू शकतो.

लेबलवर नाव रेस्टॉरंटचं असलं तरी कायद्याच्या लेखी ते वायनरीचं. वाइन बनवणारा आणि भरणारा म्हणून वायनरीचं नाव-पत्ता छापावाच लागतो आणि राज्य उत्पादनशुल्क विभागाकडे लेबलच्या मान्यतेचा अर्जही वायनरीच करते. मान्य झालेल्या लेबलात नंतर 'जरा रंग हलका करू' चालत नाही, परत अर्ज करावा लागतो. तेव्हा लेबल हातात मंजूर होऊन येईपर्यंत मेनू छापायला टाकू नका. मेनू कधीही बदलता येतो, लेबल नाही. जो बदलायला अवघड तो आधी पक्का करायचा.

मागच्या लेबलवर काय काय बसवायचंय ते बघा: मद्यार्काचं प्रमाण, ७५० मिलि, बॅच नंबर, भरल्याचा महिना आणि वर्ष, एमआरपी, ग्राहक तक्रारीसाठी पत्ता आणि फोन, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि परवाना क्रमांक, सल्फाइटची सूचना (१० पीपीएमच्या वर असेल तर, आणि वाइनमध्ये बहुधा असतंच), शिवाय वैधानिक इशारा. मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका, अशा अर्थाचा. एफएसएसएआयचे मद्यासाठीचे नियम २०१८ चे आहेत, १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यात २०० मिलिच्या वरच्या बाटलीवर इशाऱ्याची अक्षरं किमान ३ मिमी उंचीची हवीत असं आहे. ऐकायला ३ मिमी किरकोळ वाटतं. लेबलची रुंदी ८० मिमी धरून तो मजकूर एकदा लावून बघा, किती ओळी जातात ते कळेल. पुष्कळ डिझाइनर मागच्या लेबलवर वाइनची सुंदर गोष्ट लिहून आणतात आणि हा मजकूर 'खाली कुठेतरी बसवा' म्हणतात. तो बसत नाही. तुम्ही आधी तो लावा, मग उरलेल्या जागेत गोष्ट लिहा.

आणखी दोन गोष्टी. पोषणमूल्यांचा तक्ता मद्याच्या लेबलवर द्यायचा नाही, आणि आरोग्याला चांगली असा कुठलाही दावा करायचा नाही. लेबलवर जे म्हणता येत नाही ते मेनूतही लिहू नका. दुसरं, 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. वायनरी त्याची अधिकृत वापरकर्ती म्हणून नोंदलेली असेल तरच ते नाव घ्या. नाहीतर सरळ गाव आणि तालुका लिहा, तेही छानच दिसतं.

किल्ल्यांच्या नावांबद्दल वेगळं लिहितो.

दिंडोरीकर

>> तिन्ही वाइनना नाशिकजवळच्या किल्ल्यांची नावं द्यावीत

हे सोडून द्या. २०२२ मध्ये राज्याने दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात बदल केला. मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या तो हाच बदल. त्यातच असंही आहे की जिथे मद्य विकलं किंवा दिलं जातं त्या जागेच्या पाटीवर महापुरुषांची, थोर स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावं लावायची नाहीत. नियम पाटीपुरता आहे, लेबलचा उल्लेख त्यात नाही, हे खरं. पण त्यामागची लोकांची भावना लेबललाही तेवढीच लागू होते. रामशेज तर सुमारे सहा वर्षं मोगलांशी झुंजलेला किल्ला, त्यात नावात राम. दिंडोरीच्या माणसाला ते नाव दारूच्या बाटलीवर बघवणार नाही, मलाही नाही. ट्रेडमार्क कायद्यातही धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह नोंदवता येत नाही असं कलम आहे.

ट्रेडमार्कवरून आठवलं: अर्ज कोणत्या वर्गात केलाय ते विचारा. रेस्टॉरंटसाठी वर्ग ४३ आणि वाइनसाठी वर्ग ३३. नुसता ४३ मध्ये केला असेल तर उद्या दुसरं कोणी त्याच नावाची वाइन काढायला मोकळं.

अक्षरवेडी

शाईरेघ, समासातली रेघ फार आवडली. तुमचा मुद्दा शंभर टक्के पटतो. मी नावाच्या अक्षरांबद्दल लिहिते.

नावात ल आणि श आहेत हे भाग्य समजा. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श काढा. शासनाने २०२२ मध्ये वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यातही हीच रूपं आहेत, पण शासन सोडा, डोळ्याला ती आपली वाटतात. बाजारातले बरेच देवनागरी फॉन्ट हिंदीचं वळण धरून बनवलेले असतात, त्यात दंडाचा ल येतो. नाव हाताने मराठी वळणाचं काढलं आणि आत मेनूत 'शेवभाजी' नि 'लसणाची चटणी' हिंदी वळणात छापली, तर साधा वाचक बोट ठेवून सांगू शकणार नाही, पण काहीतरी परकं आहे हे त्याला जाणवेल. तुम्ही म्हणता ते आतलं जुळणं नेमकं इथे होतं किंवा तुटतं.

आतल्या मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट बघा. मराठी वळण धरूनच केलेला आहे, जाड-बारीक रेघेचा, पुस्तकी चेहऱ्याचा, हाताने काढलेल्या नावाशेजारी तो गप्प बसतो. लेबलच्या बारीक कायदेशीर मजकुरासाठी 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता'. दोन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय लावा आणि भाषा मराठी निवडा. काही फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतात, पण भाषा निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत.

आणि एक जागा डोळ्यात तेल घालून तपासा: 'भाकऱ्या', 'कैऱ्या', 'दऱ्या'. हा ऱ्य फायली इकडून तिकडे जाताना हमखास बिघडतो आणि 'भाकर्या' असं होऊन बसतं. मराठी जेवणाच्या मेनूवर भाकरीच चुकीची छापलेली असणं मला सहन होत नाही. छापायला पाठवायची फाइल कर्व्हमध्ये करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही, आणि कर्व्ह केल्यानंतर पुन्हा पहिल्यापासून वाचा.

खिळेजुळारी

अक्षरवेडीने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. माझी उमर छापखान्यात गेली, खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात. तेव्हा मुंबईच्या निर्णयसागरचे टाइप म्हणजे मराठी अक्षराचा मापदंड होता. जावजी दादाजींनी तो छापखाना १८६९ मध्ये काढला. त्या अक्षरांची जाडी आणि बारीक रेघ यांचं नातं अभ्यासा, तुमच्या नावाच्या वळणाला उपयोगी पडेल.

आता कागद. लेबलसाठी स्वयंचिकट कागद घ्याल तो वेट-स्ट्रेंग्थचा मागा, म्हणजे ओला झाला तरी लगदा न होणारा. नक्षीदार पोताचा, सुती हाताचा अनकोटेड कागद सगळ्यांना आवडतो, आणि तो दिसतोही राजस. पण लेबलवाल्याने दिलेला नमुना कोरड्या हातात घेऊन पसंत करू नका. खऱ्या बाटलीला लावा. बाटली फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, मग बर्फ-पाण्याच्या बादलीत तासभर उभी करा आणि बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसा, वेटर पुसतो तशी, जोरात. तीन ठिकाणी बघायचं. कोपरे उचललेत का. गडद रंग जिथे भरून छापलाय तिथे पांढुरके डाग पडलेत का. आणि कागद पाणी पिऊन पारदर्शक झालाय का, म्हणजे मागची काच काळसर दिसायला लागते. तुमचा गडद तपकिरी रंग भरीव छापणार असाल तर त्यावर मॅट व्हार्निश लागेलच. शिराझ बादलीत जात नाही, शेनिन आणि रोझे जातात. तरीही तिघांना एकच कागद वापरा, नाहीतर शेजारी शेजारी ठेवल्या की रंग तीन वेगळे दिसतील.

नावाला फॉइल (सोनेरी वर्ख) करणार असाल तर अक्षराच्या आतल्या पोकळ्या मोठ्या ठेवा. श ची गाठ आणि ल ची पाकळी फॉइलमध्ये भरून येते, मग नुसता सोनेरी ठिपका राहतो. मेनूवर जे नाव चार इंच रुंद आहे तेच लेबलवर दीड इंचावर येणार. एकच चित्र लहान करून चालणार नाही. लेबलसाठी नाव वेगळं काढा: रेघ जरा जाड, पोकळ्या जरा मोकळ्या. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. खिळ्यांच्या काळी प्रत्येक मापाचं अक्षर वेगळं कोरत असत, ते याचसाठी.

मेनूसाठी लॅमिनेट केलेलं कार्ड नको. कव्हरला बाइंडिंगचं कापड, त्यावर एका रंगात स्क्रीन प्रिंट, आतली पानं १५० जीएसएमची सुटी, पितळी स्क्रूने बांधलेली. पान मळलं, दर बदलला, तर तेवढंच पान काढायचं.

गोदाकाठ

वाचतोय. सुंदर धागा.

एक सुचवू का? चित्रासाठी वारली शैली घ्या ना. नाशिक जिल्ह्यातही वारली समाज आहे, पांढऱ्या रेषा गडद तपकिरीवर खुलून दिसतील, आणि बाहेरच्या पाहुण्यांना लगेच महाराष्ट्र ओळखू येईल.

तारपा

गोदाकाठ, तुमचा हेतू चांगला आहे, तरी थोडं थांबायला सांगेन. मी डहाणूकडचा, या चित्रकारांबरोबर बरंच काम केलंय.

वारली चित्र म्हणजे नुसत्या त्रिकोणाच्या आकृत्या नाहीत. मूळ चित्र लग्नघरातल्या गेरू-मातीच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सुवासिनींच्या हातचं. त्यातल्या चौकात, म्हणजे मधल्या पूजेच्या चौकोनात, पालघट देवी असते. तो चौक बाटलीवर येणं म्हणजे आमच्या देवघरातली गोष्ट उचलणं. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे आता रोजच्या जगण्याची चित्रंही होतात: तारपा नाच, भातलावणी, ताडी काढणं. तसं चित्र बाटलीवर यायला हरकत घेणारा मी नाही. पण मग ते वारली चित्रकाराकडून काढून घ्या, त्याला नीट मोबदला द्या, लेबलवर त्याचं नाव छापा. वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन आहे. संगणकावर त्रिकोण जोडून 'वारली' म्हणणं बरोबर नाही.

आणि खरं सांगू, जेवण खान्देशचं, वाइन दिंडोरीची, तिथे वारली चित्र का, याचं उत्तर मला मिळत नाही.

गोदाकाठ

पटलं तारपा. ही चौकाची गोष्ट मला माहीत नव्हती. सूचना मागे घेतो.

भाकरीठेचा

शाईरेघ, मी जळगावला हॉटेल चालवतो, तेव्हा ताटाच्या बाजूने बोलतो.

तुमची रेघ ज्या पदार्थापुढे येईल तिथे जीभ खोटी पडता कामा नये. काळ्या मसाल्याचं मटण आणि शिराझ, छान. तो मसाला भाजका, धुरकट आणि खोल असतो, शिराझला तो पेलतो. पण त्याच पानावर शेवभाजी आणि झणझणीत रस्सा असेल तर तिथे शिराझची रेघ देऊ नका. तुरट वाइन आणि तिखट एकत्र आले की तिखट दुप्पट चढतं. तिथे शेनिन, आणि तीही किंचित गोडसर, गार. हिरव्या मिरचीच्या भरतालाही तीच. डुबुकवड्या, कळण्याची भाकरी आणि लोण्याशी रोझे करून बघा. मालक-मालकिणीला, स्वयंपाक्याला आणि वायनरीवाल्याला एका टेबलावर बसवून प्रत्येक जोडी चाखा, मगच रेघा ओढा. काही पदार्थांपुढे एकही रेघ नसली तरी चालेल. फौजदारी डाळीबरोबर ताकच.

दुसरं, पैशाचं. मागच्या लेबलवर एमआरपी असते आणि मेनूतला दर तिच्याहून जास्त असतो. गिऱ्हाईक बाटली फिरवून बघतं आणि वेटरला विचारतं. हॉटेलात माणूस नुसती वस्तू घेत नाही, सेवाही घेतो, या आधारावर बाटलीबंद पाण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांच्या बाजूने निकाल दिलाय. पण टेबलावरची नाराजी निकालाने मिटत नाही. वाइनयादीत तिन्ही वाइनच्या खाली एक स्वच्छ ओळ द्या: दर टेबलावरील सेवेसह. बारीक अक्षरात लपवू नका, पदार्थाच्या वर्णनाच्याच मापात द्या.

कराची ओळही सुट्या पानावर ठेवा. जेवणाला जीएसटी, वाइनला व्हॅट, दोन्ही वेगळे. परमिट रूममधला व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के झाला तेव्हा कितीतरी हॉटेलांनी छापील मेनूवर स्टिकर चिकटवले होते, अजूनही काही ठिकाणी दिसतात. खिळेजुळारी काकांची स्क्रूची पानं याला चोख उपाय.

यारापार

मेलबर्नहून वाचते आहे. यारा खोऱ्यातल्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करते, तिथेच रेस्टॉरंटही आहे.

शाईरेघ जे म्हणतात त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोची शातो मूतों रोथशिल्ड ही वायनरी. १९४५ पासून तिथे जवळजवळ दरवर्षी लेबलच्या वरच्या पट्ट्यावर नव्या चित्रकाराचं चित्र असतं. १९७३ ला पिकासो, २००९ ला आपल्या मुंबईत जन्मलेले अनीश कपूर. चित्रं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. तरी दुकानात लांबूनही बाटली कोणाची ते कळतं, कारण चित्राखालची मांडणी आणि अक्षरं जागची हलत नाहीत.

आमच्याकडचा एक अनुभव सांगते. पाहुणे बाटली संपली की लेबलचा फोटो काढतात, मेनूचा सहसा नाही. घरी जाऊन ती वाइन आठवायला त्यांच्याकडे तेवढाच फोटो असतो. म्हणून पुढच्या लेबलवर नाव, द्राक्षाची जात आणि वर्ष एका चौकटीत, एका फोटोत येईल असं ठेवा. बोर्दो आकाराची बाटली साधारण ७५ मिमी जाड असते, घेर २३५ मिमीच्या आसपास, पण समोरून स्पष्ट वाचता येते ती मधली पन्नास-साठ मिमीच. महत्त्वाचं सगळं तेवढ्यात. बर्गंडी आकाराची बाटली घेत असाल तर लेबलची उंची कमी ठेवा, खांद्याच्या उतारावर गेलेलं लेबल सुरकुततं.

शाईरेघ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं लिहिलंत की रात्री बसून पुन्हा आखणी केली.

किल्ल्यांची नावं रद्द. दिंडोरीकर, तुमचा प्रतिसाद मालकांना वाचून दाखवला, त्यांना लगेच पटलं. ट्रेडमार्कचा अर्ज फक्त वर्ग ४३ मध्येच झाला होता, आता ३३ मध्येही करताहेत.

नव्या नावांसाठी माझं सुचवणं असं आहे. आपल्याकडे द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च, युरोपात असते तशी शरदात नाही. पावसाळा सरल्यावर छाटणी आणि थंडीत घड पिकतात, ही नाशिकच्या वाइनची स्वतःची चाल आहे. तेव्हा तिन्ही वाइन काढणीच्या महिन्यांनी ओळखायच्या: आधी खुडली जाते ती शेनिन म्हणजे पौष, रोझे माघ, शेवटची शिराझ फाल्गुन. सोबतीचे रंगही त्यावरून: पौषाला हुरड्याचा कोवळा हिरवा, माघाला फिकट गुलाबी, फाल्गुनाला जांभळाकडे झुकणारा लाल. चित्र ठेवायचंच नाही असं जवळपास ठरलंय. रेघ आणि अक्षर एवढ्यावरच उभं करायचं.

आकड्यांबद्दल अजून मन होत नाही. अक्षरवेडी, तुमचं मत?

भाकरीठेचा

पौषाबद्दल कोणीतरी म्हणेलच की त्यात शुभकार्य करत नाहीत. लक्ष देऊ नका. शेतात गरमागरम हुरडा आणि भरीत खायचा महिना तोच, आणि तुमची शेनिन भरताबरोबरच जाणार आहे. नाव चपखल आहे.

अक्षरवेडी

महिन्यांची नावं वाचून फार आनंद झाला! पौष, माघ, फाल्गुन: दोन अक्षरी, दोन अक्षरी, तीन अक्षरी. ल फक्त फाल्गुनात आहे आणि तोही अर्धा, ग ला जोडलेला. हे जोडाक्षर हाताने नीट काढा, बाकी दोन नावांची लय त्यावरून ठरवा.

आकडे: वजन-मापाच्या नियमांत आवश्यक माहिती हिंदी किंवा इंग्रजीत मागतात, मराठी अधिकची देता येते. त्यामुळे मागच्या लेबलवर सगळे इंग्रजी आकडे ठेवा. पुढे वर्ष मात्र देवनागरीत, मोठं. मेनूतल्या किमतींसाठी मी देवनागरीच म्हणेन, पण एक अट आहे: १ आणि ९. मंद उजेडात १९० आणि ९१० यांत गल्लत होऊ शकते, काही फॉन्टमध्ये हे दोन आकडे फारच जवळ जातात. ज्या दिव्याखाली पाहुणे बसणार त्याच दिव्याखाली, मालकांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चष्म्याशिवाय वाचायला द्या. त्यांनी न अडखळता किमती वाचल्या तर देवनागरी ठेवा. अडखळले तर इंग्रजी आकडे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

नाशिकरोडकर

वडील नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात होते, टपाल तिकिटं छापायचे. ते म्हणायचे, रंगाचा नमुना मान्य करताना पडद्यावर बघू नका आणि ट्यूबलाइटखालीही नको, दुपारच्या उजेडात उत्तरेकडच्या खिडकीपाशी बघा. लेबल आणि मेनूची पानं वेगवेगळ्या छापखान्यांत जाणार असतील तर दोघांनाही एकच छापील नमुना द्या आणि त्यावर सही घ्या. लेबल एका मशीनवर, कापडी कव्हर स्क्रीनवर, आतली पानं ऑफसेटवर, असा तीन ठिकाणचा तपकिरी जुळवायचा तर शाईचा नंबर एकच धरा. चार रंग मिसळून तो तपकिरी करायला गेलात तर तीन ठिकाणी तीन येतील.

खिळेजुळारी

नाशिकरोडकर, वडिलांना नमस्कार सांगा. अगदी बरोबर. शिवाय कापड शाई शोषतं, लेबलचा कागद कमी शोषतो. तेव्हा कापडावर तीच शाई जरा गडद पडेल हे गृहीत धरा आणि कव्हरचा प्रूफ सर्वांत आधी मागा.

शाईरेघ (धागाकर्ती)

आजची प्रगती. बादलीची परीक्षा दोन कागदांवर घेतली. पोताचा कागद जिंकला, पण कोपरे गोल केल्यावर. चौकोनी कोपरे पुसताना उचलत होते, ३ मिमीची गोलाई दिल्यावर बसले. मग मेनूच्या आतल्या पानांचे कोपरेही तेवढेच गोल केले. कागदाच्या गरजेतून आलेली ही गोष्ट आता दोन्हीकडे दिसते, आणि मालकीणबाईंनी हातात घेतल्यावर पहिल्यांदा तिचाच उल्लेख केला.

किमतींची परीक्षा मालकांच्या आईंनी घेतली. देवनागरीतल्या सगळ्या न अडखळता वाचल्या. टिरोचे आकडे ठेवतेय.

चाखण्याची बैठकही झाली. भाकरीठेचा, तुमचं रस्सा-शिराझबद्दलचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं, चौघांनीही पाण्याचे ग्लास उचलले. रस्सा पौषकडे गेला. फौजदारी डाळीपुढे रेघ नाही.

मागचं लेबल इशाऱ्यापासून सुरू करून आखलं. गोष्टीसाठी तीन ओळी उरल्या, त्यात गाव, काढणीचा महिना आणि त्या वाइनशी जमणाऱ्या पदार्थांची नावं बसली.

दिंडोरीकर

वा. आता फाइल लेबलवाल्याकडे देण्याआधी एकच: वायनरीत लेबल मशीनने लावणार की हाताने? मशीन असेल तर रोलवर लेबल कोणत्या दिशेने गुंडाळायचं, डोकं आधी की उजवी कड आधी, आणि पुढचं-मागचं लेबल एकाच रोलवर एकाआड एक हवं की दोन वेगळे रोल, हे विचारून घ्या. आणि बाटल्या थंडगार असताना लेबल लावू देऊ नका. काचेवर दव असेल तर कितीही चांगला गोंद धरत नाही.

शाईरेघ (धागाकर्ती)

मशीन आहे, पण दिशा विचारलेली नाही. उद्या सकाळी फोन करते आणि इथे लिहिते. मान्यतेचा अर्ज वायनरी या आठवड्यात करतेय, तोपर्यंत मेनू छापायला टाकत नाही.